महिन्याची ‘पाहिलं-वाचलं’ यादी: वर्षभराने उघडली तरी उपयोगी पडावी म्हणून काय नोंदवायचं?

कोरा_समास

महिनाअखेरीला ‘या महिन्यात आवडलेलं’ अशी यादी करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. यादीत साधारण पंधरा-वीस नोंदी असतात: लांब लेख, व्हिडिओ, पॉडकास्टचे भाग, एखाददुसरा सिनेमा, पुस्तकं. जुन्या याद्या उघडल्या की चार गोष्टी नडतात.

लिंका मेलेल्या असतात. व्हिडिओ नुसतेच प्लेलिस्टमध्ये टाकलेले, आणि तिथे आता ‘डिलीटेड व्हिडिओ’ एवढंच दिसतं. काय होतं तेही कळायला मार्ग नाही. शेरा म्हणावा तर ‘जबरदस्त, नक्की बघा’, त्यावरून काही बोध होत नाही. यादी महिन्याच्या शेवटी लिहायला बसलं की पहिल्या पंधरवड्यातलं निम्मं गळतं. आणि वेगवेगळ्या ॲपमधून काढलेल्या फायली एक्सेलमध्ये उघडल्या की मराठीच्या जागी अगम्य चिन्हं येतात, आयएसबीएनचीही (पुस्तकावरच्या ओळखक्रमांकाची) वाट लागते.

तर नेमकं काय, केव्हा आणि कुठे लिहून ठेवायचं? ॲप सुचवा, पण ते उद्या बंद पडलं तर काय, हेही सांगा.

पानखूण

आधी लिंकांबद्दल. लिंक गेली तरी नुसत्या नोंदीवरून ती गोष्ट शोधता आली पाहिजे, असं धरूनच लिहायचं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीत, २०१३ साली जालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तुमच्या याद्यांचं वेगळं काही झालेलं नाही.

व्हिडिओसाठी पूर्ण शीर्षक जसंच्या तसं, चॅनलचं नाव, प्रकाशनाची तारीख आणि एकूण लांबी लिहा. लांबी लोक सोडून देतात, पण तोच व्हिडिओ दुसऱ्या कुणी परत चढवला असेल तर तो पूर्ण आहे की कापलेला, हे लांबीवरूनच ओळखता येतं.

यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओला ११ चिन्हांचा ओळखक्रमांक असतो. लिंकमध्ये ‘व्ही’ आणि बरोबरच्या चिन्हानंतर येतो तोच. व्हिडिओ उडवला तरी प्लेलिस्टमधल्या लिंकेत हा क्रमांक शिल्लक राहतो. प्लेलिस्टच्या मेनूतून ‘न उपलब्ध व्हिडिओ दाखवा’ निवडा, क्रमांक उचला आणि अवतरणचिन्हांत घालून शोधयंत्राला द्या. कुणी ना कुणी कुठे तरी तो चिकटवलेला असतो, त्यामुळे बऱ्याचदा शीर्षक सापडतं. तुमच्या मेलेल्या याद्यांवर हा प्रयोग आधी करा.

लिंक साफ करताना लोक हमखास एक चूक करतात. ‘यूटीएम’ने सुरू होणारी शेपटी माग काढण्यासाठी असते, ती बेधडक उडवावी. यूट्यूबच्या ‘शेअर’मधून येणारा ‘एसआय’ हा भागही तसाच. पण म्हणून प्रश्नचिन्हापुढचं सगळं पुसलंत तर यूट्यूबच्या लांब लिंकेतला ओळखक्रमांकच जातो, कारण तो प्रश्नचिन्हानंतर असतो. ‘लिस्ट’ आणि ‘इंडेक्स’ हे भाग मात्र काढाच, नाही तर वाचणारा तुमच्या प्लेलिस्टमध्ये शिरतो आणि पुढचे व्हिडिओ आपोआप सुरू होतात.

विशिष्ट क्षणाची लिंक हवी असेल तर लांब लिंकेच्या शेवटी ‘&’, मग ‘टी’, बरोबरचं चिन्ह आणि सेकंद. १२ मिनिटं ३४ सेकंद म्हणजे ७५४. पाच-सात सेकंद अलीकडचा आकडा द्यावा. मुद्दा सुरू झाल्यावर थांबवून घेतलेली वेळ नेहमी उशिराची असते आणि पाहणारा वाक्याच्या मधोमध येऊन पडतो.

लघुलिंका यादीत कधीच ठेवू नका. गूगलने आपल्या लघुलिंक सेवेत नव्या लिंका करणं २०१९ मध्ये थांबवलं आणि २०२५ मध्ये वापरात नसलेल्या जुन्या लिंकाही बंद केल्या. लघुलिंक मेली की ती कुठे नेत होती याचाही पत्ता लागत नाही. लांब लिंक मेली तरी संकेतस्थळाचं नाव आणि लेखाचा अंदाज उरतो.

लेखांसाठी वेबॅक मशीनमध्ये (जालावरच्या पानांच्या प्रती साठवणारं संकेतस्थळ) ‘सेव्ह पेज नाऊ’च्या चौकटीत पत्ता चिकटवून प्रत करून घ्यायची आणि ती प्रत उघडून पाहायची. हे उघडून पाहणंच राहून जातं. लॉगिनमागचा लेख असेल तर लॉगिनचं पानच साठवलं जातं. खाली सरकवल्यावर भरत जाणारं पान पहिल्या पडद्यापुरतंच येतं. आणि व्हिडिओच्या पानाची प्रत घेतली म्हणजे व्हिडिओ साठला असं समजू नका. बहुतेक वेळा हाती भोवतालचं पान लागतं आणि मधली चौकट रिकामी.

शेवटची तपासणी अर्ध्या मिनिटाची: यादी प्रसिद्ध करण्यापूर्वी सगळ्या लिंका इन्कॉग्निटोमध्ये उघडा. तुम्हाला दिसणारं निम्मं तुम्ही लॉगिन केलेलं आहे म्हणून दिसत असतं.

तिरकी_रेघ

शेऱ्यांविषयी. ‘अप्रतिम’, ‘नितांतसुंदर’, ‘अंतर्मुख करणारं’ आणि ‘प्रत्येकाने पाहावं असं’ हे चार शब्दप्रयोग यादीतून हद्दपार करा, काय लिहायचं ते आपोआप सुचू लागेल. हे शब्द कुठल्याही नोंदीला चिकटतात, म्हणून कुठल्याच नोंदीबद्दल काही सांगत नाहीत.

दोन वाक्यं पुरतात. पहिल्यात ती गोष्ट काय आहे, दुसऱ्यात ती कुणाला आणि कशासाठी. कुठे कंटाळा येईल किंवा काय खटकेल ते तिसऱ्यात आलं तर सोन्याहून पिवळं. नमुना म्हणून एक काल्पनिक नोंद:

‘लाकडाचे खिळ्यांविना सांधे कसे बसवतात यावर २२ मिनिटांचा व्हिडिओ, निवेदन नाही, फक्त काम. ज्यांना सांधा आतून कसा असतो ते पाहायचंय त्यांनी ९:१० ते १३:४० पाहिलं तरी भागेल. आवाज फार बारीक आहे, आणि सुरुवातीची तीन मिनिटं नुसती हत्यारं.’

एवढं वाचून माणूस ठरवू शकतो. वर्षभराने तुम्हीही ठरवू शकता की परत बघायचं की नाही. कुणीतरी नेमक्या विरुद्ध आवडीच्या माणसाने वाचून ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पुढे जावं, इतपत शेरा स्पष्ट हवा.

तारे देण्याच्या भानगडीत पडू नका. पुस्तकांच्या गुडरीड्सवर पूर्णच तारे देता येतात, सिनेमांच्या लेटरबॉक्स्डवर अर्धाही चालतो. दोन्हींतली नोंद एका यादीत आणली की साडेतीन विरुद्ध चार यावर वेळ जातो. त्याऐवजी ‘परत वाचेन’, ‘एकदा पुरे’, ‘अर्ध्यात सोडलं’ असे तीन शिक्के ठेवा. अर्ध्यात सोडलेलं जरूर नोंदवावं, कितव्या पानावर आणि का, हे धरून. नाही तर दोन वर्षांनी तेच पुस्तक परत हातात येतं आणि त्याच पानावर परत सुटतं.

केव्हा लिहायचं: संपवलं की त्याच दिवशी कच्ची ओळ. शीर्षक आणि एक ठोस तपशील, एखादं दृश्य, एखादा युक्तिवाद, जे तुम्हाला अडलं ते. मत मात्र त्या दिवशी लिहू नका, किमान आठवडाभर थांबा. महिनाअखेरीस कच्च्या ओळींवरून नजर फिरवायची: जिच्यातला तपशील वाचून बाकीचं डोळ्यांपुढे येतं ती नोंद ठेवायची, जी वाचून काहीच आठवत नाही ती गाळायची. पहिला पंधरवडा गळतो त्यावर इलाज हाच, आणि यादी वीसवरून सात-आठवर येते हा वरचा फायदा. वीस नोंदींची यादी कुणी वाचत नाही, लिहिणारा धरून.

पुस्तकांबाबत: अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लेखकाच्या शेजारीच, तळटीपेत नाही. मूळ प्रकाशनाचं साल आणि तुमच्या हातातल्या प्रतीचं साल ही दोन वेगळी सालं लिहा. पुष्कळ पुस्तकांत नुसत्या पुनर्मुद्रणालाही ‘आवृत्ती’ म्हटलेलं असतं, त्यामुळे ‘पाचवी आवृत्ती’ म्हणजे मजकूर पाचदा सुधारला असं नव्हे. प्रस्तावनेखालच्या तारखा पाहा. आणि ई-पुस्तकातला पानक्रमांक अक्षराचा आकार बदलला की बदलू शकतो, तिथे प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द टिपा. चार शब्दांवरून कुठल्याही प्रतीत जागा सापडते.

उलट_टपाल

वर पानखूण यांनी क्षणाची वेळ द्यायला सांगितलंय ते व्हिडिओला ठीक, पॉडकास्टला चालत नाही. बऱ्याच पॉडकास्टमध्ये जाहिराती ऐकणाऱ्यागणिक आणि डाउनलोडच्या वेळेगणिक वेगळ्या घुसवल्या जातात. तुमच्या प्रतीत ३१:२० ला असलेलं वाक्य दुसऱ्याच्या प्रतीत ३३ मिनिटांच्या पुढे असू शकतं. तिथे ‘साधारण अर्ध्या तासाला, पाहुण्या अमुक विषयावर येतात तिथून’ असं लिहा. भागाचा क्रमांक, शीर्षक आणि तारीख तिन्ही द्या. क्रमांक मागाहून बदलणारेही आहेत.

सिनेमाच्या वेळाही जपून. सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेमचा) सिनेमा २५ चौकटींच्या प्रसारणासाठी वेगात चालवला की १२० मिनिटांचे ११५ मिनिटं १२ सेकंद होतात. जुन्या डीव्हीडी आणि टीव्हीवरून घेतलेल्या प्रतींत हा फरक सापडतो. शेवटाकडचा प्रसंग पावणेपाच मिनिटं अलीकडे सरकलेला असतो आणि लोकांना वाटतं प्रत कापलेली आहे.

आता काही सुटू नये याबद्दल. चॅनल आणि लेखमाला यांच्या फीड (नवं आलेलं आपोआप दाखवणाऱ्या याद्या, फीड रीडर नावाच्या ॲपमध्ये वाचायच्या) घ्या, शिफारशींच्या भरवशावर राहू नका. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलला फीड असते. चॅनलच्या माहितीच्या चौकटीत ‘शेअर चॅनल’खाली चॅनलचा ओळखक्रमांक मिळतो, २४ चिन्हांचा, ‘यूसी’ने सुरू होणारा. चॅनलचं नाव आणि हँडल मालक बदलू शकतो, हा क्रमांक बदलत नाही, म्हणून यादीतही तोच टिपून ठेवावा. बहुतेक फीड रीडर चॅनलच्या पानाचा पत्ता दिला तरी फीड स्वतः शोधतात.

फक्त फीडमध्ये ताजे १५ व्हिडिओच असतात. दिवसाला तीन-चार तुकडे टाकणारं चॅनल असेल आणि रीडर आठवडाभर उघडला नाही, तर मधले व्हिडिओ फीडमधून निघून गेलेले असतात. सर्व्हरवर चालणारा रीडर स्वतःच सतत आणत राहतो, म्हणून तिथे हा त्रास नाही. संगणकावरच चालणाऱ्या रीडरला आहे.

अर्धविराम

एवढा सरंजाम पंधरा नोंदींसाठी? प्रत्येक लेखाची प्रत, प्रत्येक चॅनलचा क्रमांक, फीड, तीन शिक्के. दोन महिन्यांत कंटाळून सगळंच बंद पडतं. माझ्या मते रोजच्या कच्च्या ओळीत चारच गोष्टी असाव्यात: तारीख, शीर्षक, कर्ता, एक तपशील. बाकीचं सगळं, म्हणजे लिंक साफ करणं, प्रत घेणं, लांबी, साल, हे महिनाअखेरीस निवडलेल्या सात-आठ नोंदींपुरतं करा. ज्या गाळायच्याच आहेत त्या गोष्टींची प्रत घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

ॲपबद्दल: फीड वाचायचा गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, लेख साठवायची ॲप म्हणजे ऑम्निव्होर २०२४ च्या नोव्हेंबरात, पॉकेट ८ जुलै २०२५ ला. ॲप जरूर वापरा, पण वापरायला लागण्याआधी ‘एक्स्पोर्ट’ कुठे आहे ते शोधा आणि दोन-चार नोंदी टाकून एकदा फाइल काढून पाहा. लिंका येतात पण तुमचे शेरे येत नाहीत, असंही निघू शकतं. मूळ प्रत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, महिन्याला एक. नाव ‘वर्ष-महिना’ असं, म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात. आकडे मात्र एकाच लिपीत, कारण काही नावं देवनागरी आकड्यांत आणि काही इंग्रजी आकड्यांत असली की दोन वेगळे गठ्ठे पडतात.

यूट्यूबचा ‘इतिहास’ आहे की, असं म्हणून त्यावरही विसंबू नका. २०२० पासून नव्या खात्यांत तो ३६ महिन्यांनी आपोआप पुसला जाईल अशीच मांडणी असते. सेटिंग बघून घ्या.

पानखूण

@अर्धविराम, प्रत फक्त निवडलेल्यांची, मान्य. लिंक मात्र त्याच दिवशी घ्या. महिनाअखेरीस शीर्षकावरून लेख शोधत बसण्यात जास्त वेळ जातो, आणि संपादक शीर्षकं बदलतातही.

कोरा_समास

छान, बरंच सुटलं. निवडीचा मुद्दा पटला, आता कच्च्या ओळी चारच रकान्यांच्या. दोन शंका उरल्यात. वेबॅकच्या लिंकेत दिसणारी तारीख कधी कधी एक दिवस अलीकडची का असते? आणि टेक्स्ट फाइलमध्ये ‘ॲनिमेशन’ शोधलं तर निम्म्याच नोंदी सापडतात, बाकीच्या डोळ्यांना दिसतात पण शोधात येत नाहीत. एक्सेलचं तर अजून राहिलंच आहे.

जोडाक्षर_प्रेमी

वेबॅकच्या लिंकेतले १४ आकडे म्हणजे वर्ष ४, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद प्रत्येकी २. ही वेळ जागतिक समन्वित वेळ (यूटीसी) असते, तुमच्या घड्याळाची नाही. तुमचं घड्याळ तिच्या पुढे असेल आणि पहाटे प्रत घेतली तर तिथे अजून आदला दिवसच चालू असतो. चूक काही नाही.

शोधाची भानगड अस्सल देवनागरीची आहे. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक म्हणजे अखंड अक्षर ‘ॲ’, जे यूनिकोडमध्ये (सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. दुसरं म्हणजे ‘अ’ला चंद्राची खूण जोडून ‘अॅ’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी वेगळे, आणि यूनिकोडच्या नियमांत ते समतुल्यही धरलेले नाहीत. म्हणून फाइल ‘नॉर्मलाइझ’ करूनसुद्धा (समतुल्य रूपं एकसारखी करूनसुद्धा) ते एक होत नाहीत. इलाज सोपा: ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये वर जुना ‘अॅ’ चिकटवा, खाली अखंड ‘ॲ’, आणि सगळीकडे बदला. टंकून नव्हे, मजकुरातून उचलून चिकटवा. तुमचा कळफलक दोन्ही वेळा एकच रूप देणार.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र हा दुसरा गुन्हेगार. काही कळफलक नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. इथेही तोच उपाय, मात्र ते न दिसणारं चिन्हही उचललं जाईल अशा बेताने पूर्ण ‘र्‍या’ निवडा. हे फाइल-बदल करण्यापूर्वी एक नक्कल ठेवा.

मराठी शीर्षकाच्या लिंका राक्षसी लांब होतात त्याचंही कारण जाता जाता. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (यूनिकोड मजकूर साठवायची रीत) ३ बाइटचं, आणि लिंकेत प्रत्येक बाइटला टक्क्याचं चिन्ह धरून ३ जागा लागतात. म्हणजे एका चिन्हाला ९. ‘मराठी’ या शब्दात मात्रा धरून ५ चिन्हं, म्हणजे ४५ जागा. अशी लिंक निरोपात चिकटवली की मध्येच तुटते. विकिपीडियाचा लेख असेल तर ‘पर्मनंट लिंक’ घ्या. तिच्यात आवृत्तीचा क्रमांक असतो, त्यामुळे लेख उद्या बदलला तरी तुम्ही वाचलेला मजकूरच उघडतो.

आता एक्सेल. ॲपमधून काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) दोनदा टिचकी मारून उघडायची नाही. रिकामी वर्कबुक उघडा, ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, फाइल निवडा. ‘फाइल ओरिजिन’च्या खिडकीत ‘६५००१: यूनिकोड (यूटीएफ-८)’ निवडलं की मराठी लगेच सरळ दिसतं. तिथेच ‘लोड’ दाबू नका, ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ दाबा. आयएसबीएनच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा आणि विचारलं की ‘रिप्लेस करंट’ निवडा. ‘ॲड न्यू स्टेप’ निवडलंत तर आधी संख्या, मग मजकूर असं रूपांतर होतं, आणि दहा आकडी जुन्या आयएसबीएनच्या सुरुवातीचं शून्य तोपर्यंत गेलेलं असतं. मग ‘क्लोज अँड लोड’.

साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार. साध्या ‘सीएसव्ही’त साठवलं की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात आणि ती परत फिरत नाहीत, अक्षरं खरोखरच गेलेली असतात. सुरुवातीला दिसणारी अगम्य चिन्हं मात्र नुसता वाचनदोष असतो, मूळ फाइल शाबूत असते. त्यामुळे ती दिसली तर काहीही न साठवता बंद करा.

गुडरीड्सच्या फायलीत आयएसबीएनभोवती बरोबरचं चिन्ह आणि अवतरणचिन्हं असतात. ती शून्य वाचवण्यासाठी मुद्दाम घातलेली आहेत, वरच्या रीतीने आयात केल्यावर ‘रिप्लेस’ने काढून टाका.

आयएसबीएन हाताने उतरवला असेल तर पडताळा: तेरा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरजेला १० ने भाग गेला पाहिजे. ९७८०३०६४०६१५७ ची बेरीज १०० येते, म्हणजे बरोबर. १ जानेवारी २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर दहा आकडी क्रमांक असतो. त्यापुढे नुसतं ९७८ लावून तेरा करू नका, शेवटचा आकडा नव्याने काढावा लागतो. दहा आकडीत शेवटी इंग्रजी ‘एक्स’ दिसला तर तो १० चा आहे, छपाईची चूक नव्हे.

कोरा_समास

‘अॅ’ बदलून पाहिला, राहिलेल्या नोंदी शोधात आल्या. ११ चिन्हांच्या क्रमांकावरून डिलीट झालेल्या नऊ व्हिडिओंपैकी सहांची शीर्षकं मिळाली. उरलेल्या तिन्हींचा ओळखक्रमांक प्लेलिस्टमध्ये आहे, पण शोधयंत्र काहीच देत नाही.

पानखूण

त्या तिघांच्या पूर्ण लिंका वेबॅकमध्ये टाकून बघा. व्हिडिओ नसला तरी पानाचं शीर्षक आणि वर्णन कधी कधी साठलेलं असतं. छोट्या लिंकेने नाही मिळालं तर ‘वॉच’वाल्या लांब लिंकेने शोधा, दोन्ही पत्ते तिथे वेगवेगळे धरले जातात.